कोरड्या बर्फाची सफाई : आधी हवा बघा, मग दर



मागच्या गट सभेत ऊस नोंदी, बेणे आणि पाटपाणी हे विषय आटोपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क सभासद उठले. म्हणाले, "साहेब, यंदा ऑफ सीझनला मशिनरी साफ करायला बर्फ आणणार म्हणत्यात. बर्फानं लोखंड धुवायचं ही कसली तऱ्हा? आमच्या उसाच्या पैशातनं असली थेरं नकोत." सभेत हशा पिकला. मी शेतकी खात्याचा माणूस, कृषी पदविकेवर नोकरीला लागलेला. मशिनरी हा माझा प्रांत नव्हे. "आबा, चौकशी करून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

खरे सांगायचे तर चौकशी करायची गरज नव्हती. हा बर्फ मी महिन्यापूर्वीच डोळ्यांनी पाहून आलो होतो. पण दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हावे असा तो विषय नव्हता. म्हणून हा लेख.

माझी थोरली बहीण वांगणीला दिली आहे. कल्याणहून कर्जतच्या लोकलने निघाले की अंबरनाथ, बदलापूर आणि मग वांगणी. आपल्याकडच्या पुष्कळांना हे गाव ठाऊक नसेल, पण २७ जुलै २०१९ ला कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ती बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. पुढे २०२१ साली रुळावर पडलेल्या लहानग्याला धावत्या गाडीपुढून उचलणारे पॉइंट्समन मयूर शेळके, तेही याच स्थानकावरचे. बहिणीचा मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे कामाला आहे. एके काळी विमकोच्या काडेपेटीमुळे घरोघरी ठाऊक असलेले हे अंबरनाथ आता रसायने, औषधे, प्लॅस्टिक, खाद्यपदार्थ अशा नाना कारखान्यांचे गाव झाले आहे. या ठेकेदाराचा धंदा एकच. कारखाना बंद असेल त्या दिवशी जायचे, आणि हवेच्या डक्ट, ब्लोअर, साचे, मोटारी कोरड्या बर्फाने साफ करून द्यायच्या. गळीत संपल्यावर चार दिवस बहिणीकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, रविवारी येताय का बघायला? फक्त मी सांगेन तिथेच उभं राहायचं." भाच्याने मामाला दम देण्याचा काळ आला, आता बोला.

कोरडा बर्फ म्हणजे पाण्याचा बर्फ नव्हे. तो कार्बन डायऑक्साइड वायूचा बर्फ. आपण श्वासातून सोडतो तोच हा वायू. तो दाबाखाली द्रवरूप करून एकदम मोकळा सोडला की त्याचा काही भाग भुरभुरीत हिमासारखा गोठतो, आणि तो दाबून त्याच्या कांड्या किंवा दाणे करतात. त्याचे तापमान शून्याखाली साडेअठ्ठ्याहत्तर अंश. हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. याची गंमत अशी की तो वितळत नाही. घनाचा थेट वायू होतो, पाणी होतच नाही. म्हणून कोरडा. फ्रान्समध्ये थिलोरिए नावाच्या गृहस्थाने १८३५ साली तो प्रथम पाहिला असे सांगतात. आपल्या लोकांनी तो पाहिला असेल तर आइस्क्रीमच्या पेटीत किंवा नाटकात देव प्रकट होताना धूर निघतो तिथे.

त्या रविवारी थर्मोकोलच्या जाड पेटीतून हे दाणे आले. तांदळाएवढे, पांढरेशुभ्र. पेटीचे झाकण घट्ट लावत नाहीत, कारण वायू कोंडला तर पेटी फुटते. दाणे मशीनच्या हॉपरमध्ये ओतले, कॉम्प्रेसरची हवा जोडली, आणि नोझलमधून जो फवारा सुटला त्याचा आवाज असा की कानात बोंडे घातली तरी छाती हादरत होती. साच्यावर चिकटलेला काळा थर बघता बघता सुटू लागला. गारठ्याने थर आकसतो आणि तडकतो, दाण्यांचा मारा त्याला उचलतो, आणि फटीत शिरलेल्या दाण्याचा क्षणात वायू झाला की तो थराला आतून ढकलतो. वाळूच्या माऱ्यासारखे लोखंड खरवडले जात नाही. पाणी नाही, सोडा नाही, ॲसिड नाही. संपल्यावर खाली राहते ती फक्त घाण. बर्फ उडून गेलेला असतो.

या भागात त्याचे मोल विशेष का, ते तिथल्या नद्या पाहिल्यावर कळते. टाक्या आणि यंत्रे धुतलेले पाणी जाते कुठे? वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहते. तिच्या काठाने नाकाला रुमाल न लावता चालून दाखवावे. २०१४ साली तिच्यात टँकरमधून सोडलेल्या रसायनाचा वायू उल्हासनगरात पसरला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. जिथे धुण्याचे पाणीच निर्माण होत नाही, तिथे ते नदीत सोडायचा मोह तरी होत नाही. हा गुण मी शंभर टक्के मान्य करतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साचे झाल्यावर डक्टची पाळी आली. डक्ट म्हणजे पत्र्याचा हवेचा बोगदा. माणूस रांगत आत जाईल एवढा. भाच्याच्या मुकादमाने आधी दोन्हीकडची तोंडे उघडली, एका तोंडाला ओढणारा पंखा बसवला, आणि आत जाणाऱ्या पोराच्या कमरपट्ट्याला काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक मीटर अडकवले. एक जण बाहेर दोर धरून उभा. अर्धा तास झाला नसेल, तो मीटर किंचाळू लागले. आतला पोरगा मुकाट्याने बाहेर आला. काम बंद. वीस मिनिटे सगळे नुसते बसून राहिले. कारखान्याचा मॅनेजर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मुकादम मात्र बिडी न पेटवता तोंडात धरून शांत.

मी भाच्याला विचारले, "एवढ्याशा बर्फाने काय होणार आहे?" त्याने मला जमिनीवर खडूने गणित मांडून दाखवले. एक किलो कोरड्या बर्फाचा सुमारे ५४० लिटर वायू होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा बंद खोलीत एक किलो बर्फ उडाला तर तिथल्या हवेत हा वायू जवळजवळ दोन टक्के होतो. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी मर्यादा धरतात अर्धा टक्का. चार टक्क्यांना जिवाला धोका मानतात. आणि मशीन तासाला एक किलो नव्हे, तीस-चाळीस किलो बर्फ सहज खाते. वरून हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो खड्ड्यात, तळाशी, डक्टच्या खालच्या वळणात साचतो. वास नाही, रंग नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून आणली. पुष्कळ कारखान्यांत जे नेहमीचे चार वायूंचे मीटर असते, ते प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढेच मोजते. कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. हवेत हा वायू पाच टक्के मिसळला, म्हणजे माणूस धापा टाकू लागला, तरी प्राणवायू एकवीसवरून वीसच्या आसपासच येतो, आणि मीटर साडेएकोणीसच्या खाली गेल्याशिवाय बोलत नाही. म्हणजे मीटर कमरेला आहे, दिवा हिरवा आहे, आणि माणूस चाललाय. या कामाला कार्बन डायऑक्साइडचेच वेगळे मीटर लागते. आपण विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतो. या वायूच्या बाबतीत त्या कंदिलावरही भिस्त ठेवू नये. तो विझण्याआधीच माणसाची शुद्ध हरपू शकते.

हे वाचून कोणी म्हणेल, साहेब उगाच भ्या घालतात. माझ्या भीतीला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी नवा नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. कारखाना दुसरा होता, नाव सांगत नाही. तिथल्या आसवनीत रिकामी केलेली फरमेंटरची टाकी धुवायला एक खलाशी शिडीने उतरला. टाकीत मळीचे अंबवण झालेले, तळाला हाच वायू बसलेला. हाक मारली तर ओ नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. तिसरा निघाला होता, त्याची कॉलर एका फिटरने धरली आणि त्याला खाली आपटले, म्हणून तो वाचला. आतल्या दोघांपैकी कोणी जिवंत बाहेर आले नाही. पहिला पोरगा माझ्या गटातल्या सभासदाचा होता. त्याच्या बापाच्या उसाची नोंद माझ्याच वहीत. पुढच्या वर्षी तो बाप शेअरच्या कागदासाठी ऑफिसात आला. अर्जावर वारसाचा रकाना होता. मी तो विचारला नाही आणि भरलाही नाही. तो कागद बरेच दिवस माझ्या टेबलात होता.

बंद जागेत उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमातच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कायद्याचे पुस्तक बदलले, वायूचे वजन बदललेले नाही.

बरे, आपल्या कारखान्यात हा बर्फ कुठे चालेल? इंजिनिअरिंग खात्याच्या मंडळींशी बोलून माझे मत झाले ते असे. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेला दगडासारखा थर याने निघायचा नाही. त्याला कॉस्टिकचा उकळा आणि मग ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा मारा हेच औषध. जो ठेकेदार म्हणेल की कोरडा बर्फ सगळेच करतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे. मोटारींची गुंडाळी, बंद केलेले विजेचे पॅनेल, ब्लोअरची पाती, कंट्रोल रूमच्या वातानुकूलनाच्या डक्ट, सेंट्रिफ्युगलच्या बाहेरची चिकटी, ड्रायरच्या हवेचे मार्ग, इथे तो कामाचा आहे. मोटारीत बगॅसची भुकटी आणि तेल यांचा जो लगदा बसतो तो पाण्याने धुता येत नाही, फडक्याने निघत नाही. एक मोठी मोटार ऐन गळितात जळाली की गव्हाण थांबते, यार्डात गाड्या तुंबतात आणि तोडलेला ऊस वाळतो. वाळलेल्या उसाचे वजन कोणाचे घटते ते सभासदांना मी सांगायला नको. तेव्हा आबा, ही थेरं नव्हेत. यातला काही भाग आपल्याच उसाच्या वजनाशी येऊन भिडतो.

पण इथे एक खोच आहे. बर्फ कोरडा असला तरी पावसाळ्यातली आपली हवा ओली असते. ऑफ सीझन म्हणजे जून ते सप्टेंबर. फवारा मारून थंडगार झालेल्या मोटारीवर आणि तांब्याच्या पट्ट्यांवर त्या हवेतले पाणी दव पडल्यासारखे बसते. वेंगुर्ल्यापासून वांगण्यापर्यंत कोकणात तर विचारूच नका. अंबरनाथला त्या दिवशी पंधरा मिनिटांत साच्यावरून पाणी ठिबकू लागले होते. म्हणून साफ केल्यावर यंत्र गरम हवेने वाळवायचे, मेगरने तपासायचे, आणि मगच वीज द्यायची. घाई करणाऱ्याने मोटार जाळून घ्यावी. त्यापेक्षा हे काम गळीत संपल्याबरोबर उन्हाळ्यातच उरकले तर निम्मा त्रास वाचतो.

दुसरी खोच साखर घरात. साखरेची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर ती दारूगोळ्यासारखी पेट घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पीरियल शुगर कंपनीच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असा स्फोट झाला आणि १४ कामगार मेले. साखर स्वच्छ राहावी म्हणून सायलोखालचा पट्टा आदल्या वर्षी पत्र्याने झाकून घेतला होता. धूळ ओढून घेण्याची सोय मात्र केली नव्हती. धूळ आत कोंडली. पहिल्या भडक्याने इतर मजल्यांवर साठलेली धूळ उडाली आणि तीही पेटली. सफाई हा देखाव्याचा विषय नाही तो असा. आणि म्हणूनच साखरेच्या डक्टमध्ये सरळ बर्फाचा फवारा मारणे म्हणजे धूळ उधळणे झाले. शिवाय या फवाऱ्याने स्थिर वीज तयार होते. आधी धूळ ओढून घ्यायची, नोझल आणि डक्ट दोन्हींना अर्थिंग द्यायचे, मग राहिलेल्या चिकटीपुरता बर्फ वापरायचा.

आता दराचे बोलतो. सफाईचा ठेका फुटावर देतात. अमुक फूट डक्ट, अमुक रुपये. मला यात आपली ऊसतोड दिसते. तोड टनावर असते म्हणून मोळीत वाढे आणि पाचट येते, आणि वाकायला लागू नये म्हणून ऊस जमिनीपासून चार बोटे वर तुटतो. ज्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त त्या बुडख्यात राहतात. त्यात तोडणाऱ्याचा दोष मी धरत नाही, आपण पैसे ज्याचे देतो ते काम तो करतो. डक्टमध्ये फुटावर पैसे दिले तर मीटर वाजल्यावर वीस मिनिटे बसायला कोणाला परवडेल? पोरगा मीटर बंद करील किंवा कमरेचा काढून बाहेर ठेवील. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की डक्टचे काम तासावर द्यावे, आणि हवा येण्यासाठी थांबलेल्या वेळेचे पैसे ठेकेदाराला नव्हे तर त्याच्या पोरांना पोचतील असे वर्क ऑर्डरमध्ये लिहावे. बाहेर दोर धरणारा माणूस आपला असावा, आणि काम थांबवण्याचा त्याचा शब्द चीफ इंजिनिअरनेही मोडू नये. बिल थोडे वाढेल. वाढू द्यावे.

काही तरुण सभासदांनी मला विचारले की आपल्या आसवनीतून हाच वायू हवेत जातो, मग बर्फ विकत कशाला? प्रश्न हुशारीचा आहे. एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. दिवसाला तीस हजार लिटरची आसवनी असेल तर हिशेबाने बावीस टन. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, म्हणजे राज्यभर हा आकडा केवढा होत असेल. उसाने हवेतून ओढून घेतलेला वायू आपण मळी आंबवून पुन्हा हवेला परत देतो. काही आसवन्या तो धुऊन, दाबून शीतपेयांसाठी विकतातही. पण वर्षातल्या आठ-दहा दिवसांच्या सफाईसाठी आपण बर्फाचा प्लँट घालावा हे मला पटत नाही. द्रव वायूतला निम्म्याहून कमी भाग बर्फ होतो, बाकीचा पुन्हा पकडावा लागतो. आणि तयार बर्फ साठवून राहत नाही, पेटीतच रोज झिजतो. गिऱ्हाईक बांधलेले असेल तर वायू विकायचा विचार संचालक मंडळाने जरूर करावा. सफाईपुरता बर्फ भाड्याच्या मशीनसकट आणावा.

एक खुलासा आधीच केलेला बरा, नाहीतर पारावर चर्चा व्हायची. माझा भाचा ज्या ठेकेदाराकडे आहे त्याला आपले हे काम देऊ नये असे मी कार्यकारी संचालकांना लेखी कळवले आहे. भाचा रुसला आहे. बहिणीने फोनवर "भाऊ, तू सुधारणार नाहीस," एवढेच म्हटले.

तरी परवा त्याने आपणहून फोन केला आणि विचारले, "मामा, तुमच्या ड्रायरच्या डक्टला तोंडं किती?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी एका फिटरला घेऊन वर चढलो. एकच तोंड आहे. दुसऱ्या टोकाला झडप आहे, पण तिचे चारही बोल्ट गंजून बसलेत आणि वरून रंग दिलेला आहे. इंजिनिअरिंग खात्याने ती झडप कापून नवी बसवण्याचे काम पुढच्या आठवड्यात धरले आहे. ते झाल्याशिवाय बर्फाचे कोटेशन उघडू नये, असे मी त्यांना सांगून आलो.